जगबुडीची वाट बघणारे मतदार आणि अमेरिकेचं इस्रायल धोरण

खारेपाटण (धागाकर्ता)

इराणच्या धाग्यावर एका सभासदानं लिहिलं होतं, "अमेरिका इस्रायलच्या मागे उभी राहते ती ज्यू लॉबीच्या पैशामुळे, विषय संपला." तिथं अवांतर वाढायला नको म्हणून हा वेगळा धागा.

पैसा आहे, लॉबी आहे, नाही कोण म्हणतं? पण अमेरिकेत ज्यू लोकसंख्येच्या जेमतेम अडीच टक्के, आणि त्यातले बहुसंख्य डेमोक्रॅट पक्षाला मत देणारे. मग रिपब्लिकन खासदार इस्रायलचं नाव निघालं की एवढे हळवे का होतात? त्यातल्या कित्येकांच्या मतदारसंघात सिनेगॉग शोधावं लागेल. कोपऱ्याकोपऱ्यावर सापडतात ती बॅप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल चर्चेस.

२०२५ च्या जूनमधली एक मुलाखत काहींनी पाहिली असेल. टेक्सासचे रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ मुलाखतकार टकर कार्लसनसमोर बसले होते. क्रूझ म्हणाले, मला लहानपणी रविवारच्या शाळेत शिकवलं, जे इस्रायलला आशीर्वाद देतील त्यांचं भलं होईल, शाप देतील त्यांचं वाईट होईल. कार्लसननं विचारलं, हे बायबलमध्ये कुठं आहे? हार्वर्डमधून कायदा शिकलेल्या या गृहस्थांना संदर्भ सांगता येईना. शेवटी कार्लसननंच सांगितलं की उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. (१२ वा अध्याय. तिथं देव हे अब्राहामाला सांगतो. सरकार, पंतप्रधान यांचा त्यात उल्लेख नाही.)

लोक त्या क्लिपवर पोटभर हसले. मला त्यात दुसरंच दिसलं. संदर्भ माहीत नसताना माणूस ज्यावर परराष्ट्रधोरण उभं करतो ती गोष्ट त्यानं वाचलेली नसते, ती त्याच्या अंगात मुरलेली असते. ती मुरली कशी?

सुरुवात जॉन नेल्सन डार्बीपासून. आयर्लंडमधला पाद्री, चर्च सोडून 'प्लिमथ ब्रदरन' पंथात गेला. १८३० च्या दशकात त्यानं बायबलमधल्या दानीएल, यहेज्केल, थेस्सलनीकाकरांस पत्र, प्रकटीकरण अशा विखुरलेल्या भाकितांची एक सलग साखळी लावली. आधी ज्यू आपल्या भूमीत परत येणार. मग खरे विश्वासणारे एके दिवशी अचानक आकाशात उचलले जाणार, हे 'रॅप्चर'. मागे राहिलेल्यांवर सात वर्षं महासंकट. ख्रिस्तविरोधक जगाची सत्ता घेणार, जेरुसलेममध्ये पुन्हा मंदिर उभं राहणार, आर्मगेडनची लढाई होणार, आणि मग येशू परत येऊन हजार वर्षं राज्य करणार.

ही साखळी अमेरिकेत घरोघरी पोचवली सायरस स्कोफील्डनं. १९०९ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं त्याचं बायबल छापलं. वर मूळ वचन, खाली स्कोफील्डच्या टिपा. आपल्याकडे सार्थ ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला कधीकधी ओवी कुठं संपली आणि अर्थकार कुठं सुरू झाला हे आठवत नाही, तसंच तिथं झालं. एका टिपेत तो म्हणतो की ज्यूंना छळणाऱ्या राष्ट्रांचं नेहमी वाईटच झालं आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचं भलं झालं. क्रूझ रविवारच्या शाळेत शिकले ते मूळ वचनापेक्षा या टिपेच्या जास्त जवळचं आहे.

राजकारणही तेव्हापासूनचंच. विल्यम ब्लॅकस्टोन या शिकागोच्या धर्मप्रचारकानं १८९१ मध्ये अध्यक्ष हॅरिसन यांना निवेदन दिलं, की रशियात छळल्या जाणाऱ्या ज्यूंना पॅलेस्टाइन मिळवून द्या. खाली ४१३ सह्या, त्यात रॉकफेलर, जे. पी. मॉर्गन आणि अमेरिकेचे सरन्यायाधीश. हर्झलची पहिली झायोनिस्ट (ज्यूंना स्वतःचं राष्ट्र हवं म्हणणारी) परिषद बाझेलला भरली १८९७ साली, म्हणजे त्यानंतर सहा वर्षांनी!

१९४८ ला इस्रायल झालं, १९६७ ला जुनं जेरुसलेम इस्रायलच्या हाती आलं. भाकितवाल्यांच्या दृष्टीनं घड्याळ चालू झालं. १९७९ मध्ये बॅप्टिस्ट पाद्री जेरी फॉलवेल यांनी 'मॉरल मेजॉरिटी' ही संघटना काढली आणि इतकी वर्षं राजकारणापासून अंग चोरणारा हा समाज गठ्ठ्यानं मतदानाला उतरला. इस्रायलचे पंतप्रधान मेनाखेम बेगिन यांनी हे सगळ्यांच्या आधी ओळखलं. १९८० साली फॉलवेलना जाबोटिन्स्की पुरस्कार देऊन मोकळे झाले.

आता मुद्द्यावर येतो. प्रकटीकरण उघडून कुणी बॉम्ब कुठं टाकायचा ते ठरवत नाही. भाकितामुळे होतं ते वेगळं. तडजोडीची भाषाच पाप ठरते. 'जमीन द्या, शांतता घ्या' हा १९६७ च्या युद्धानंतरचा साधा सौदा आहे. पण जमीन देवानं कुणाच्या तरी नावावर केलेली असेल तर ती वाटणारे तुम्ही कोण? इस्रायलचे पंतप्रधान एरियल शॅरॉन यांनी २००५ ला गाझातून ज्यू वसाहती काढल्या. २००६ च्या जानेवारीत त्यांना पक्षाघाताचा मोठा झटका आला, तेव्हा अमेरिकन धर्मप्रचारक पॅट रॉबर्टसन टीव्हीवर म्हणाले की देवाची जमीन वाटल्याची ही शिक्षा. बोंब झाली, त्यांनी माफी मागितली. गालिली समुद्राकाठी ख्रिस्ती पर्यटन केंद्राचा त्यांचा बेत इस्रायली पर्यटन खात्याबरोबर चालला होता, तो त्या वाक्यानं गोत्यात आला. पण रॉबर्टसन जे बोलले ते त्यांच्या लाखो प्रेक्षकांना वेडगळ वाटलं नव्हतं. उद्धट वाटलं असेल फार तर.

आणि २०२५ पासून इस्रायलमधले अमेरिकेचे राजदूत आहेत माइक हकाबी, स्वतः बॅप्टिस्ट पाद्री. वेस्ट बँक असं काही नाहीच, ते यहूदा आणि शोमरोन (बायबलमधली नावं) आहे, असं त्यांनी २०१७ लाच सांगून ठेवलंय. अशा माणसाशी वाटाघाटी करायला बसणाऱ्यानं नकाशा कुठला आणायचा?

रात्रपाळी

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. रेगनचे एक मंत्री नव्हते का, 'शेवटचं झाड तोडलं की येशू परत येईल' म्हणणारे? अशांच्या हातात जंगलं दिली होती.

जुना_गडी

वाचनखूण साठवली. पण गाडी जरा जोरात हाकलीत खारेपाटण.

१९५६ ला इस्रायलनं सिनाई घेतलं. आयझेनहॉवरनी निर्बंधांची धमकी देऊन १९५७ ला त्यांना मागं घ्यायला लावलं. तेव्हा अमेरिकेत बॅप्टिस्ट नव्हते का? १९७३ च्या युद्धात निक्सननी विमानं भरभरून शस्त्रं पाठवली. निक्सन काय रॅप्चरची वाट बघत होते? समोर सोव्हिएत शस्त्रं घेतलेले इजिप्त आणि सीरिया होते, म्हणून पाठवली. शीतयुद्ध, तेल, भूमध्य समुद्रातला तळ, गुप्तहेरांची देवाणघेवाण, एवढ्यात सगळं बसतं. धर्म म्हणजे वरून भुरभुरलेली कोथिंबीर.

खारेपाटण

जुना_गडी, आयझेनहॉवरचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. बॅप्टिस्ट तेव्हाही होते, पण संघटित नव्हते. राजकारण म्हणजे चिखल, आपण आत्मे वाचवावेत, अशी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची धारणा होती. त्यांना न विचारता १९५७ ला इस्रायलवर दबाव आणता आला. आज एखादा रिपब्लिकन अध्यक्ष तसं करून बघू दे. गोऱ्या इव्हँजेलिकल (बॅप्टिस्ट, पेंटेकोस्टल अशा कडव्या प्रोटेस्टंट) मतदारांपैकी दहातली आठ मतं २०१६, २०२० आणि २०२४ तिन्ही वेळा ट्रम्पना पडली आहेत.

ट्रम्प स्वतः भाविक नाहीत, व्यवहारी आहेत. म्हणून त्यांचं वाक्य जास्त बोलकं. २०२० च्या ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिनच्या सभेत म्हणाले की जेरुसलेमचं (अमेरिकन दूतावास तेल अवीवहून तिथं नेण्याचं) आपण केलं ते इव्हँजेलिकल लोकांसाठी, आणि ज्यूंपेक्षा तेच जास्त खूश आहेत. मागे १९९५ लाच काँग्रेसनं दूतावास हलवायचा कायदा केला होता. क्लिंटन, बुश, ओबामा, तिघांनी दर सहा महिन्यांनी सही करून तो पुढं ढकलला. सुरुवातीला ट्रम्पनीही ढकलला, मग २०१७ च्या डिसेंबरात जेरुसलेमला राजधानी म्हणून मान्यता दिली आणि २०१८ च्या मेमध्ये दूतावास हलवला.

नगरी_नग

@रात्रपाळी, ते झाडाचं वाक्य जेम्स वॉट यांच्या तोंडी घातलेलं आहे, ते म्हणालेच नव्हते. ते वाक्य वापरणाऱ्या बिल मॉयर्स या नामवंत पत्रकारानं २००५ ला वॉटची माफीही मागितली. वॉट १९८१ साली काँग्रेससमोर म्हणाले ते असं, की प्रभू येण्याआधी किती पिढ्या येतील ते मला ठाऊक नाही, पण ज्या येतील त्यांच्यासाठी साधनसंपत्ती राखली पाहिजे. पहिला अर्धा भाग उचलायचा आणि दुसरा टाकायचा, हा उद्योग चाळीस वर्षं चालू आहे. वॉट पर्यावरणवाद्यांचे शत्रू होते हे खरं, पण त्याला कारणं खाणमालकांच्या खिशातली होती.

मी अहिल्यानगरचा, चौथ्या पिढीचा ख्रिस्ती. धाग्यात एक गोष्ट राहिली ती सांगतो. आमच्याकडे जे अमेरिकन मिशनरी आले (मुंबईत १८१३, नगरला १८३१) त्यांचा अंतकाळाचा हिशेब डार्बीच्या अगदी उलट होता. सुवार्ता पसरेल, शाळा निघतील, गुलामी जाईल, जग हळूहळू सुधारेल, आणि हजार वर्षांच्या त्या सुकाळानंतर येशू येईल, असं त्या काळच्या बहुतेक अमेरिकन प्रोटेस्टंटांचं मत. म्हणून त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या, छापखाने काढले. त्यांच्या दृष्टीनं ते येशूच्या वाटेवर सडा घालणंच होतं.

मग अमेरिकेत यादवी युद्ध झालं, पुढं पहिलं महायुद्ध. सुधारणेवरचा विश्वास उडाला. मूडी नावाचा मोठा प्रचारक म्हणायचा, हे जग म्हणजे फुटलेलं जहाज आहे, देवानं मला एक होडी दिली आहे आणि सांगितलंय, वाचवता येतील तेवढे वाचव. जहाज दुरुस्त करायचं कामच संपलं! बायबल तेच, शेवटही तोच. पण येशू सुकाळाच्या आधी येणार की नंतर, एवढ्या फरकानं माणूस शाळा काढतो की बोटीत बसतो हे ठरतं. परराष्ट्रधोरण राहू द्या, २०१३ साली दोन अमेरिकन राज्यशास्त्रज्ञांनी हवामानबदलावर अभ्यास केला. त्यात अंतकाळ मानणारे लोक सरकारनं आत्ता काही करावं या मागणीला कमी पाठिंबा देतात असं निघालं. दूरच्या भविष्यावर आज खर्च कशाला?

टेक्सासची_सून

मी सॅन अँटोनियोजवळ राहते, जॉन हेगी यांचं कॉर्नरस्टोन चर्च इथलंच. २००६ ला त्यांनी 'ख्रिश्चन्स युनायटेड फॉर इस्रायल' काढली, आता एक कोटीच्या वर सभासद असल्याचा त्यांचा दावा आहे. पण त्यांची 'इस्रायलच्या सन्मानाची रात्र' १९८१ पासून होते, इस्रायलनं इराकची अणुभट्टी उडवली त्या वर्षापासून.

आमच्या शेजारी एक आजी आहेत. दिवाळीला फराळाचं ताट घेऊन गेले की माझ्या नवऱ्याच्या नोकरीसाठी प्रार्थना करतात, आम्ही हिंदू आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक असून. त्यांच्या फ्रिजवर नातवंडांचे फोटो, दातांच्या डॉक्टरची तारीख, आणि युक्रेनमधल्या एका म्हाताऱ्या ज्यू बाईचा फोटो. एका संस्थेमार्फत तिला इस्रायलला नेण्यासाठी त्या दर महिन्याला पंचवीस डॉलर भरत होत्या. पेन्शनीतून. मी एकदा न राहवून विचारलं, "आजी, तुमच्या हिशेबानं शेवटच्या लढाईत ज्यूंचं काय होतं?" जखऱ्याच्या पुस्तकात दोन तृतीयांश मरतील असं आहे, ते मी आदल्या रात्री वाचून गेले होते. आजींनी डबा धुऊन पुसून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, ते प्रभूचं काम, माझं काम तिकिटाचे पैसे भरण्याचं.

दूतावासाच्या उद्घाटनाला, १४ मे २०१८ ला, शेवटची प्रार्थना हेगींनी केली. हेच हेगी, ज्यांचं जुनं प्रवचन २००८ ला बाहेर आलं होतं, की ज्यूंना पॅलेस्टाइनकडे हाकलण्यासाठी देवानं हिटलरला 'शिकारी' म्हणून पाठवलं. तेव्हाचे रिपब्लिकन उमेदवार मॅकेन यांनी त्यांचा पाठिंबा परत केला होता. सुरुवातीची प्रार्थना डॅलसच्या रॉबर्ट जेफ्रेस यांची. येशूला न मानणारे ज्यू नरकात जातात असं ते उघड सांगतात. रिपब्लिकन नेते मिट रॉम्नींनी आदल्या दिवशी ट्वीट करून आक्षेप घेतला होता. इस्रायल सरकारनं घेतला नाही.

शंकेखोर

धागा मस्त चाललाय. ते टेक्सासच्या लाल गाईंचं काय प्रकरण आहे? व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं खरं आहे का? आणि खरं असेल तर आमच्या नांदेडच्या लाल कंधारीला काही चान्स?

खारेपाटण

खरं आहे. गणना या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात निर्दोष तांबडी कालवड जाळून तिची राख पाण्यात कालवायची आणि त्यानं शुद्धी करायची असा विधी आहे. ती शुद्धी झाल्याशिवाय मंदिरातलं काम नाही, म्हणजे नवं मंदिर बांधायचं तर आधी कालवड हवी. अटी कडक. जू मानेवर कधी पडलेलं नको, दोन केस जरी वेगळ्या रंगाचे निघाले तरी बाद. १९९६ साली हैफाजवळ 'मेलडी' नावाची कालवड जन्मली तेव्हा गहजब झाला होता. पुढं शेपटीत पांढरे केस निघाले आणि ती सुटली.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये टेक्सासमधून पाच कालवडी विमानानं इस्रायलला नेल्या. घेणारे मंदिरवादी ज्यू, शोधून देणारे टेक्सासचे ख्रिस्ती. दोघांना मंदिर हवंय, पण पुढच्या अंकात दोघांचा मसीहा वेगळा. मंदिराची जागा म्हणजे आज जिथं अल अक्सा मशीद आणि सोनेरी घुमट आहे तोच परिसर. २०२४ च्या जानेवारीत हमासच्या प्रवक्त्यानं भाषणात या तांबड्या गाईंचा उल्लेख केला होता. टेक्सासच्या कुरणातली पाच जनावरं गाझाच्या युद्धातल्या भाषणात जाऊन बसतात, म्हणून या विषयाला 'वेड्यांचा बाजार' म्हणून सोडून देता येत नाही.

लाल कंधारीचं: तांबूस आहे, पण आपली माणसं द्यायला तयार होतील का ते बघा आधी!

वसईवाला

एक स्पष्ट करतो. आम्ही कॅथलिक. आमच्याकडे रॅप्चर शिकवत नाहीत, ऑर्थोडॉक्स लोकांतही नाही. जगातल्या बहुसंख्य ख्रिस्ती लोकांना डार्बी माहीतही नाही. २००६ ला जेरुसलेमचे लॅटिन पॅट्रिआर्क (तिथल्या रोमन कॅथलिकांचे प्रमुख) मिशेल सब्बा यांनी, सिरियन ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन आणि लुथरन धर्मगुरूंबरोबर, ख्रिस्ती झायोनिझम ही खोटी शिकवण आहे असं जाहीर पत्रक काढलं. पॅलेस्टिनी ख्रिस्ती बेथलेहेममध्ये राहतात, त्यांच्याच जमिनी जातात. अमेरिकेहून बसा भरून आलेले भाऊबंद त्यांच्या चर्चच्या दारावरून पुढं निघून जातात, याचं त्यांना जास्त लागतं.

शनवारतेली

बेने इस्राएलांचा (आम्हा कोकणातल्या मराठी ज्यूंचा) विषय निघाल्याशिवाय हा धागा संपू नये म्हणून लिहितो. आजोळ अलिबागचं, आता मुक्काम अश्दोद.

आमच्या पणजोबांच्या पिढ्यांना हिब्रू शिकवण्यात पाद्र्यांचा मोठा वाटा. जॉन विल्सन यांनी (हो, तेच विल्सन कॉलेजचे) हिब्रू व्याकरण मराठीतून छापलं होतं. हेतू आम्हाला ख्रिस्ती करण्याचा. आम्ही हिब्रू घेतली, प्रार्थना वाचायला लागलो आणि सिनेगॉगमध्ये जाऊन बसलो. ख्रिस्ती झाले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आता मणिपूर-मिझोरामचे बेने मनाशे (स्वतःला ज्यूंच्या हरवलेल्या कुळातले मानणारे) इथं येतात, त्यांच्या विमानांच्या तिकिटांना 'इंटरनॅशनल ख्रिश्चन एम्बसी जेरुसलेम'नं पैसे दिलेत. नाव एम्बसी, पण ही कुठल्या देशाची नाही. १९८० मध्ये अखंड जेरुसलेम ही राजधानी ठरवणाऱ्या इस्रायली कायद्यावरून तिथले दूतावास तेल अवीवला गेले, तेव्हा ख्रिस्ती लोकांनी निषेध म्हणून काढली. इथले सरकारी लोक यांच्याबद्दल काय म्हणतात ते सांगू? मसीहा आला की विचारू, पहिल्यांदा येताय की दुसऱ्यांदा. तोवर चेक वटू द्या.

जुना_गडी

शनवारतेली, हे शेवटचं माझ्याच कोथिंबिरीला पुष्टी देणारं आहे.

ब्राझील बघा. बोल्सोनारोंनी इव्हँजेलिकल मतांवर निवडून येताना दूतावास जेरुसलेमला नेतो म्हणून सांगितलं. निवडून आल्यावर मांस निर्यातदार दारात उभे. ब्राझीलचं हलाल मांस अरब देशांत जातं, ते बंद झालं तर? शेवटी २०१९ ला जेरुसलेममध्ये एक व्यापार कार्यालय उघडून भागवलं. कोंबडी जिंकली, भाकीत हरलं.

खारेपाटण

ब्राझीलचं मान्य. पण जिथं विकायला कोंबडी नाही तिथं काय होतं? ग्वाटेमालानं अमेरिकेच्या मागोमाग दोन दिवसांत दूतावास हलवला. अध्यक्ष जिमी मोरालेस इव्हँजेलिकल. पापुआ न्यू गिनीनं २०२३ ला जेरुसलेममध्ये दूतावास उघडला, आणि पंतप्रधान मारापे यांनी कारण ख्रिस्ती श्रद्धेचं दिलं. त्यांना तिथं ना तेल ना तळ. फिजीनं २०२५ ला उघडला. संयुक्त राष्ट्रांत इस्रायलच्या बाजूनं हात वर करणाऱ्या त्या इवल्याशा यादीत पॅसिफिकची बेटं का दिसतात याचा शोध घ्यायचा तर रविवारी सकाळी तिथल्या चर्चमध्ये बसावं लागेल.

टेक्सासची_सून

तरुणांचं मात्र वेगळं दिसतंय. पाहण्या झाल्या आहेत, तिशीच्या आतल्या इव्हँजेलिकलांमधला इस्रायलचा पाठिंबा २०२१ पर्यंतच तीनेक वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आला. आजींचा नातू चर्चला जातो, पण त्याला रॅप्चरमध्ये काडीचा रस नाही. त्याचा पाद्री पन्नाशीच्या आतला आहे, तो अंतकाळावर प्रवचनच देत नाही.

खारेपाटण

म्हणूनच इस्रायलचे माजी राजदूत रॉन डर्मर यांनी २०२१ ला केलेलं विधान मला घाईचं वाटतं. अमेरिकेतल्या पाठिंब्याचा कणा इव्हँजेलिकल आहेत, ज्यूंपेक्षा त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यावं, असं ते म्हणाले होते. तरीही प्यू संस्थेच्या २०२२ च्या पाहणीत ६३ टक्के इव्हँजेलिकल म्हणाले की आपण अंतकाळात जगतो आहोत. एकूण अमेरिकनांत हा आकडा ३९ आहे. म्हणजे अंतकाळ अजून आहे, त्यातलं इस्रायलचं पात्र तरुणांच्या डोक्यात पुसट होतंय. २०२८ ला लष्करी मदतीचा सध्याचा दहा वर्षांचा ३८ अब्ज डॉलरचा करार संपतो. पुढच्या कराराला कुठले खासदार कुठली कारणं देऊन हात वर करतात ते बघू.

जुना_गडी

तो ३८ अब्जांचा करार २०१६ ला ओबामांनी केला होता. ते कुठल्या चर्चमध्ये रॅप्चर शिकले?

खारेपाटण

नव्हतेच शिकले. ओबामांनी पैसे दिले आणि त्याच वर्षी डिसेंबरात सुरक्षा परिषदेत वसाहतींविरुद्धच्या ठरावावर नकाराधिकार वापरला नाही. हेतू संरक्षणाचा असेल तर मदत आणि टीका दोन्ही जमतं. हकाबींना वसाहतींवर टीका करताना ऐकलंय का कधी?

जुना_गडी

हा मुद्दा घेतो. कोथिंबीर जरा वाढवतो.